अट आणि वाट : क्वेरी ऑप्टिमायझरचा इतिहास

डेटाबेसला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारताना माणसाने फक्त अट सांगायची. ती पुरी करणाऱ्या नोंदी कुठून, कोणत्या क्रमाने, कोणत्या वाटेने आणायच्या ते यंत्राने, म्हणजे त्याच्यातल्या ऑप्टिमायझर या भागाने, ठरवायचे. ही वाटणी १९७० पर्यंत रूढ नव्हती, आणि ती सुचवली गेल्यावरही बराच काळ जाणत्या लोकांना ती अशक्य कोटीतली वाटत होती. आयबीएमची आयएमएस ही प्रणाली अपोलो मोहिमेसाठी लागणाऱ्या असंख्य सुट्या भागांची माहिती सांभाळण्याच्या गरजेतून जन्मली. तिच्यात प्रत्येक मूळ नोंदीखाली तिच्या पोटनोंदी असत आणि वरून खाली उतरत जाणे हाच माहितीपर्यंत पोहोचण्याचा रस्ता होता. जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बाखमन यांनी घडवलेल्या आयडीएसमध्ये नोंदी साखळ्यांनी जोडलेल्या होत्या. एखाद्या विभागातले अमुक रकमेहून जास्त पगाराचे कर्मचारी हवे असतील, तर प्रोग्रामरला विभागाची नोंद गाठावी लागे, तिच्या साखळीतला पहिला कर्मचारी उचलावा लागे, पगार तपासावा लागे आणि साखळी संपेपर्यंत पुढच्या नोंदीकडे जात राहावे लागे. अट अशी वेगळी कुठे लिहिलेलीच नसे. ती प्रवासाच्या सूचनांमध्ये विरघळलेली असे. बाखमन यांना १९७३ मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला, तेव्हाच्या व्याख्यानात त्यांनी प्रोग्रामरला नोंदींच्या विश्वात मार्ग काढणाऱ्या नाविकाचे स्थान दिले. त्या काळच्या कामाचे ते अगदी यथातथ्य वर्णन होते.

या पद्धतीची किंमत साठवणुकीची रचना बदलली की कळे. नवी साखळी जोडली किंवा जुनी काढली, तर तिच्यावरून चालणारे सगळे प्रोग्राम पुन्हा तपासावे लागत. कॅलिफोर्नियात सॅन होजे येथील आयबीएमच्या संशोधन प्रयोगशाळेत काम करणारे एडगर कॉड यांचा जून १९७० मधला प्रसिद्ध निबंध नेमका या दुखण्यावर बोट ठेवतो. माहिती साध्या टेबलांमध्ये मांडावी, टेबलांमधला संबंध साखळीने नव्हे तर समान मूल्यांनी व्यक्त व्हावा, आणि वापरणाऱ्याला आतल्या मांडणीशी कर्तव्य नसावे, असा त्यांचा प्रस्ताव होता. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी दाखवून दिले की, हवी ती माहिती तर्कशास्त्राच्या भाषेत अट म्हणून लिहिली, तर तिचे रूपांतर निवडणे, गाळणे, जोडणे अशा ठरावीक क्रियांच्या मालिकेत करता येते. ऑप्टिमायझरचा सैद्धांतिक पाया हाच. त्या क्रियांना बीजगणितासारखे नियम आहेत: दोन टेबले जोडून मग अट लावली काय किंवा आधी अट लावून उरलेल्या नोंदी जोडल्या काय, उत्तर तेच येते. कष्ट मात्र एका वाटेने हजारपट जास्त पडू शकतात. अटी शक्य तितक्या लवकर लावाव्यात हा नियम १९७०च्या दशकाच्या मध्यावर इंग्लंडमधल्या पीटरली येथील आयबीएमच्या केंद्रात पॅट्रिक हॉल यांनी आणि अमेरिकेत जॉन स्मिथ व फिलिप चँग यांनी मांडला. आजही बहुतेक डेटाबेस सर्वांत आधी तोच लावून पाहतात.

मे १९७४ मध्ये मिशिगन राज्यातल्या अॅन आर्बर येथे भरलेल्या परिसंवादात कॉड आणि बाखमन यांचे पक्ष समोरासमोर आले. नाविकपक्षाचा युक्तिवाद कमकुवत नव्हता. अनुभवी प्रोग्रामरला आपल्या माहितीची खाचखळग्यांसह ओळख असते. नुसती अट वाचून यंत्र त्याच्या तोडीची वाट काढील याचा पुरावा त्या दिवशी कोणापाशीच नव्हता. त्याच परिसंवादात डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी सिक्वेल नावाची नवी भाषा सादर केली. कॉड यांची गणिती चिन्हे बाजूला ठेवून सिलेक्ट, फ्रॉम, व्हेअर अशा साध्या शब्दांत प्रश्न विचारता यावा, हा तिचा हेतू. बॉइस यांचे त्याच वर्षी अकाली निधन झाले. भाषा पुढे एसक्यूएल या नावाने जगभर गेली. अटीला तिच्यात व्हेअर या शब्दामागे स्वतःची जागा मिळाली, आणि त्या जागेत कसे लिहावे हा एका नव्या कारागिरीचा विषय झाला.

सॅन होजेच्याच प्रयोगशाळेत १९७४ ते १९७९ या काळात बांधलेल्या सिस्टिम आर या प्रायोगिक डेटाबेसने हवा असलेला पुरावा दिला. तिचे दोन थर होते. खालचा थर डिस्कवरची पाने वाचून नोंदी काढी, वरचा थर एसक्यूएल समजून घेऊन खालच्या थराला कामाला लावी. एकेक नोंद वर पाठवणे खर्चाचे असल्याने, नको त्या नोंदी खालीच अडवता याव्यात म्हणून अटींचा एक ठरावीक साचा खालच्या थराला समजेल असा केला होता: एका बाजूला कॉलम, मध्ये तुलनेचे चिन्ह, दुसऱ्या बाजूला मूल्य. या साच्यात बसणाऱ्या अटींना ‘सार्जेबल’ म्हणू लागले. न बसणारी अट चुकीची नसे. पण ती तपासण्यासाठी नोंद आधी वरच्या थरात आणावी लागे, आणि मूल्यावरून नोंदी चटकन शोधून देणारी सूची, म्हणजे इंडेक्सही, तिच्या कामाचा नसे. पगार > २०,००० ही अट साच्यात बसते. पगार × १२ > २,४०,००० ही अर्थाने तीच अट, पण साच्याबाहेरची. अट लिहिणाऱ्याने तिच्या रूपाची काळजी घ्यावी, हा आजही शिकवला जाणारा धडा या दोन थरांमधल्या सीमारेषेतून आला आहे.

या प्रकल्पाचा मुकुटमणी म्हणजे १९७९ मधला पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांचे चार सहकारी मॉर्टन अॅस्ट्रहॅन, डोनाल्ड चेंबरलिन, रेमंड लॉरी आणि थॉमस प्राइस यांचा निबंध. त्यातली पद्धत अशी: संपूर्ण व्हेअर भागाकडे ‘आणि’ने जोडलेल्या घटकांची मालिका म्हणून पाहायचे, प्रत्येक घटक टेबलातल्या किती हिश्शाला लागू पडेल याचा अंदाज बांधायचा, त्यावरून प्रत्येक संभाव्य वाटेचा खर्च काढायचा आणि सर्वांत स्वस्त वाट घ्यायची. खर्चात डिस्कवरून किती पाने वाचावी लागतील आणि खालच्या थराला किती वेळा हाक मारावी लागेल, या दोन्ही गोष्टी धरल्या होत्या. कॉलमवर इंडेक्स असेल, तर त्यात वेगवेगळी मूल्ये किती आहेत हे ठाऊक असे. ‘बरोबर’ची अट मग एक भागिले ती संख्या इतक्या हिश्शाला लागू पडेल असे मानले जाई. इंडेक्स नसेल तर सरळ एकदशांश. ‘पेक्षा जास्त’ची अट असेल आणि तुलनेचे मूल्य आधी माहीत नसेल, तर एकतृतीयांश, दोन मर्यादांमधल्या मूल्याची अट असेल तर एकचतुर्थांश. मूल्यांची यादी दिली असली तरी अंदाज निम्म्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. एकतृतीयांशाला काही खास अर्थ नाही, तो फक्त ‘बरोबर’च्या अटीपेक्षा सैल आणि निम्म्याहून कमी असावा इतकेच, असे लेखकांनी मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. हा प्रामाणिकपणा त्या निबंधाच्या मोठेपणाचा भाग आहे.

अनेक अटी असतील तर त्यांचे हिस्से गुणायचे. दहा हजार कर्मचाऱ्यांच्या टेबलात पन्नास विभाग असतील, तर एका विभागाची अट दोनशे नोंदी ठेवील. सोबत हुद्द्याची अट असेल आणि हुद्द्यावर इंडेक्स नसेल, तर त्यांतल्या वीस उरतील. या गुणाकारामागे दोन गृहीतके आहेत. मूल्ये कॉलममध्ये सारखी पसरलेली आहेत हे पहिले, आणि एका अटीचा दुसरीशी संबंध नाही हे दुसरे. जिल्हा पुणे आणि गाव बारामती अशा दोन अटी एकत्र आल्या की दुसरे गृहीतक कोसळते, कारण बारामतीचा प्रत्येक माणूस पुणे जिल्ह्यातलाच असतो; पहिल्या अटीने काहीच गाळले जात नसताना हिशेब मात्र ती गाळणी धरून चालतो. पुढच्या चाळीस वर्षांतले बरेचसे संशोधन म्हणजे या दोन गृहीतकांशी घेतलेली झुंज आहे.

टेबले जोडण्याचा क्रम हा त्याहून मोठा डोंगर होता. दहा टेबले एकापाठोपाठ एक जोडायची म्हटली तरी छत्तीस लाखांहून जास्त क्रम संभवतात. सेलिंजर यांच्या गटाने आधी एकेका टेबलाची उत्तम वाट शोधली, मग जोड्यांची, मग तिघांच्या गटांची. खालच्या पायरीवर हरलेली वाट वर न्यायचीच नाही. अपवाद एकच ठेवला: एखादी वाट महाग असली तरी तिच्यातून नोंदी पुढे उपयोगी पडणाऱ्या क्रमाने लागून येत असतील, तर ती राखून ठेवायची. वरवर छोटी वाटणारी ही सवलत फार दूरदृष्टीची ठरली. प्रत्यक्ष मोजमापात यंत्राचे खर्चाचे आकडे पुष्कळदा चुकत, पण वाटांचा चढता-उतरता क्रम बहुतेक वेळा बरोबर लागे, आणि निवड करायला तेवढे पुरते. अॅन आर्बरच्या वादाचा निकाल तिथे लागला.

त्याच वर्षांत बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग यांचा इन्ग्रेस हा प्रकल्प वेगळ्या दिशेने निघाला होता. त्यांची क्वेल नावाची भाषा होती आणि १९७६ मध्ये वाँग व करेल युसेफी यांनी मांडलेली पद्धत आधी अंदाज बांधण्याऐवजी प्रश्नाचे तुकडे पाडी, एक तुकडा प्रत्यक्ष चालवून पाही आणि हाती किती नोंदी आल्या ते बघून पुढचा ठरवी. तेव्हा ही वाट मागे पडली. तिच्यातली मूळ जाण मात्र अंदाजपद्धतीपेक्षा एका बाबतीत खोल होती, हे पुढे दिसून आले.

प्रयोगशाळेतून बाजारात येईपर्यंत ऑप्टिमायझरने वेगळेच रूप धारण केले. १९७९ मध्ये विक्रीला आलेल्या ओरॅकल या डेटाबेसचा ऑप्टिमायझर पुढे दीर्घकाळ नियमांवर चालत होता. वाटांची पंधरा पायऱ्यांची उतरंड ठरलेली असे. नोंदीचा थेट पत्ता माहीत असेल तर ती पहिली पायरी, अख्खे टेबल वाचणे ही पंधरावी. वरची पायरी उपलब्ध असेल तर टेबलात नोंदी दहा आहेत की दहा लाख, याची चौकशी न करता तीच निवडली जाई. या ठाम स्वभावामुळे अट लिहिण्याची एक अख्खी कला वाढली. एखादा इंडेक्स वापरला जाऊ नये असे वाटले, तर अंकांच्या कॉलममध्ये शून्य मिळवायचे आणि अक्षरांच्या कॉलमला रिकामी अक्षरमाला जोडायची. अर्थ बदलत नाही, पण साचा मोडतो आणि इंडेक्सची पायरी यंत्राच्या नजरेआड होते. फ्रॉममागे टेबले कोणत्या क्रमाने लिहावीत याचेही आडाखे होते, कारण बरोबरी झाली की हा क्रम निर्णायक ठरे. या युक्त्या जाणणाऱ्यांची कामाच्या ठिकाणी मोठी वट असे. माणसाने अट सांगायची आणि वाट यंत्राने शोधायची हे वचन कागदावर कायम होते. प्रत्यक्षात जाणकार मंडळी अटीच्या आडून वाटच लिहीत होती. १९९२ मधल्या ओरॅकल ७ मध्ये खर्चावर आधारित ऑप्टिमायझर आला, आणि त्याच्यासोबत यंत्राला वाट सुचवण्यासाठी विशिष्ट खुणांच्या टिप्पणीत लिहायच्या ‘हिंट’ही रुजल्या. नियमांच्या ऑप्टिमायझरचा अधिकृत आधार १० जी या आवृत्तीत काढून घेतला गेला, पण तोवर शून्य मिळवलेल्या कॉलमांच्या क्वेरी जगभरच्या प्रोग्राममध्ये घट्ट बसल्या होत्या, आणि त्या का तशा लिहिल्या होत्या हे सांगणारे लोक निघून गेले होते.

खर्चाचा हिशेब सुधारत असतानाच यंत्राने अटी स्वतःच नव्याने लिहायला सुरुवात केली. एका क्वेरीच्या अटीत दुसरी क्वेरी असेल, तर बाहेरच्या प्रत्येक नोंदीसाठी आतली पुन्हा चालवावी लागे. १९८२ मध्ये वॉन किम यांनी अशा क्वेरी सपाट करून टेबलांच्या जोडणीत बदलण्याच्या रीती दिल्या. थोड्याच वर्षांत त्यांच्यातल्या एका रीतीत खोट सापडली. आतली क्वेरी नोंदी मोजत असेल, तर ज्या बाहेरच्या नोंदीला आत एकही जोडीदार नाही तिच्यासाठी उत्तर शून्य यायला हवे. जोडणीत बदलल्यावर ती नोंदच नाहीशी होई. चुकीची वाट वेळ खाते, चुकीचे पुनर्लेखन चुकीचे उत्तर देते, आणि ते उत्तर पाहून काही बिघडले आहे अशी शंकाही येत नाही. रिकाम्या मूल्यांनी, म्हणजे नलने, हा धोका वाढवला. एसक्यूएलमध्ये अटीचे उत्तर खरे, खोटे किंवा अज्ञात असे तीनपैकी एक असते. त्यामुळे ‘नॉट इन’मागच्या यादीत एक जरी नल आला तरी अट कोणत्याही नोंदीसाठी खरी ठरत नाही, आणि तिच्या जागी ‘नॉट एक्झिस्ट्स’ बिनदिक्कत ठेवता येत नाही. पुनर्लेखनाचे नियम नीट मांडून ठेवण्यासाठी आयबीएममध्ये स्टारबर्स्ट हा प्रकल्प उभा राहिला, गोएट्झ ग्राफे यांचे व्होल्कॅनो आणि कॅस्केड्स हे ऑप्टिमायझरचे आराखडे आले, आणि कॅस्केड्सची रचना मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर ७ मध्ये १९९८ साली उतरली.

अंदाजांचे दुखणे मात्र रचना सुधारून बरे होणारे नव्हते. १९९१ मध्ये यानिस इओआनिडिस आणि स्टाव्ह्रोस ख्रिस्तोदुलाकिस यांनी दाखवले की, टेबले जोडत गेले की सुरुवातीची लहानशी चूक घातांकी वेगाने फुगते. मूल्यांच्या विषम पसरणीवर उपाय म्हणून हिस्टोग्राम आले: कॉलममधली मूल्ये सारख्या संख्येच्या गटांत वाटून प्रत्येक गटाच्या सीमा लक्षात ठेवायच्या. त्यांनी पहिले गृहीतक बरेच सावरले. परस्परसंबंधित कॉलमांचे दुसरे गृहीतक अधिक चिवट निघाले. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये दोन कॉलमांमधले अवलंबन नोंदवण्याची सोय २०१७ मधल्या दहाव्या आवृत्तीत आली, आणि तीही कोणते कॉलम ते माणसाने सांगितल्यावरच. माहिती काहीच नसेल तेव्हा असमानतेच्या अटीसाठी पोस्टग्रेस आजही एकतृतीयांश हाच आकडा धरतो. सेलिंजर यांच्या निबंधातला तात्पुरता अंदाज अशा रीतीने स्थायी झाला आहे.

अटी तपासायला जणू वेळच लागत नाही, असेही प्रारंभी मानले जाई. जोसेफ हेलरस्टीन आणि स्टोनब्रेकर यांनी १९९३ मध्ये या समजुतीला हात घातला. अटीत एखादे जड फंक्शन असेल, उदाहरणार्थ छायाचित्र तपासणारे, तर ती लवकरात लवकर लावणे उलट महागात पडते. आधी स्वस्त अटींनी आणि जोडण्यांनी नोंदी कमी करून घेणे शहाणपणाचे. व्हेअरमधल्या अटी लिहिल्या त्याच क्रमाने तपासल्या जातील अशी हमी नसते, हे यामागचे दुसरे सत्य. भाजक शून्य नसावा अशी अट आधी आणि भागाकाराची अट नंतर लिहिली, तरी यंत्र भागाकार आधी करू शकते. अट म्हणजे सूचना नव्हे, विधान आहे, हे भाषेचे मूळ तत्त्व इथे शब्दशः लागू होते.

मूल्य आधी माहीत नसणे हीदेखील जुनीच अडचण. क्वेरी एकदाच तयार करून वेगवेगळ्या मूल्यांनी चालवली, तर कोणत्या मूल्यासाठी वाट निवडायची? ओरॅकलने ९ आय पासून पहिल्यांदा आलेले मूल्य डोकावून पाहायला सुरुवात केली. ते मूल्य विरळ असेल तर निवडलेली वाट पुढे लाखो नोंदींच्या मूल्यालाही भोगावी लागे. अटीतल्या मूल्याबरोबर वाट किती लहरीपणे बदलते याचे चित्रच बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले जयंत हरित्सा आणि नवीन रेड्डी यांनी २००५ मध्ये समोर ठेवले. अटींची व्याप्ती दोन अक्षांवर घेऊन प्रत्येक ठिकाणी निवडल्या जाणाऱ्या वाटेला एक रंग दिला, तेव्हा नामांकित व्यावसायिक ऑप्टिमायझरांचे नकाशे असंख्य वेड्यावाकड्या रंगीत तुकड्यांनी भरून गेले; नकाशे काढणाऱ्या साधनाला पिकासो हे नाव मिळाले. २०१५ मध्ये व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी चित्रपटांच्या आयएमडीबी संग्रहावर ११३ क्वेरी चालवून निष्कर्ष काढला की, वाईट वाटांचा मुख्य दोष खर्चाच्या सूत्रांत नसून नोंदींच्या अंदाजात आहे. इन्ग्रेसची जुनी जाण याच सुमारास नव्या रूपात परतली: क्वेरी चालू असताना प्रत्यक्ष आलेल्या नोंदी मोजून जोडणीची रीत बदलण्याची सोय ओरॅकलने १२ सी मध्ये आणि मायक्रोसॉफ्टने २०१७ च्या आवृत्तीत दिली.

साच्याबाहेरच्या अटींचा प्रश्नही हळूहळू सुटत गेला. कॉलमवर फंक्शन लावले की इंडेक्सचा क्रम उपयोगाचा राहत नाही. ‘कार’ने संपणारी आडनावे शोधायला शब्दकोशाचा वर्णक्रम जितका उपयोगी पडेल तितकाच. ओरॅकल ८ आय मध्ये फंक्शनच्या फलितावरच इंडेक्स बांधता येऊ लागला. वापरणाऱ्याने स्वतः लिहिलेले फंक्शन अटीत आले, तर मात्र ते ऑप्टिमायझरसाठी बंद पेटीच राहिले. आत दुसरी क्वेरी असली तरी ती नोंदीगणिक चालवली जाई. या पेटीचे झाकण उघडण्याचे महत्त्वाचे काम मुंबईत पवईच्या आयआयटीत झाले. डेटाबेसच्या जगभर शिकवल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे एक लेखक एस. सुदर्शन यांच्या गटाने २००० साली अनेक क्वेरींमधला समान भाग एकदाच मोजण्याच्या कार्यक्षम पद्धती दिल्या होत्या. २०१४ मध्ये फंक्शनमधल्या पायरीपायरीच्या सूचनांचे रूपांतर क्वेरीच्या बीजगणितात करून ते बाहेरच्या क्वेरीत मिसळण्याची रीत त्यांनी मांडली. त्या कामात सहभागी असलेले कार्तिक रामचंद्र पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये फ्रॉइड या प्रकल्पाचे प्रमुख लेखक होते. त्यातून एसक्यूएल सर्व्हर २०१९ ला फंक्शन क्वेरीत आपोआप उलगडून घेण्याची क्षमता मिळाली. ज्या फंक्शनांमध्ये चक्राकार पुनरावृत्ती, म्हणजे लूप, आहे ती या सोयीबाहेर राहिली, आणि तशी अट लिहिणाऱ्याला आजही वाट स्वतःच डोळ्यांखालून घालावी लागते.